उंबऱ्याच्या अलीकडे

“चला रे, दोघं इकडून, दोघं तिकडून,” माझा भाऊ देवराम म्हणाला आणि चार बाप्ये माझ्या चाकाच्या खुर्चीला भिडले.

“हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

मंगल कार्यालयाच्या दारातच सगळं खोळंबलं होतं. आत देवरामची पोर, माझी भाची ज्योत्स्ना बोहल्यावर चढायची होती. आणि मी नवाकोरा उतार एकटीनं चढून येऊन उंबऱ्याशी अडले होते. काळा दगडी उंबरा, चांगला चार बोटं उंच, हळदीकुंकवानं माखलेला.

तो उतार माझ्यामुळेच झाला होता. लहानपणी पोलिओनं पाय गेले तेव्हापासून मला लोकांनी उचलूनच नेलंय. राजपुऱ्यात घरी बसून फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही. पण मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात ह्याच दारात मला उचललं, साडी गुडघ्याच्या वर गेली आणि शूटिंगवाल्यानं नेमकं तेवढं टिपलं. सगळ्या नातलगांनी ते चहा पीत पीत पाहिलं. तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली होती, “आत्या, माझ्या शादीत तू तुझी तू आत येशील, देखजो.”

तिनंच मोबाइलवर कायदा वाचून दाखवला. कचेरी असो, दुकान असो की मंगल कार्यालय, जिथं चार लोक येतात तिथं चाकाची खुर्चीही गेली पाहिजे. आम्ही कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत तक्रार केली, मालकाला नोटीस गेली, आणि धर्मेंद्रशेठनं निमूट उतार बांधला, धरायला कठडाही लावला. मी एवढी हरखले की आधी येऊन बघावं हेसुद्धा सुचलं नाही. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई मी, इथं कशी निर्धास्त राहिले कोण जाणे.

“शेठ, हा उंबरा राहिला की,” मी म्हटलं.

“कोकिळादीदी, रॅम्प बनवून दिला ना? उंबऱ्याले कसा हात लावू? माझी आई रोज पूजते त्याले.”

“मग वरून फळी टाका.”

त्यानं कानाला हात लावले. “लक्ष्मीच्या उंबऱ्यावर चाक चढवू? आपण पाय तरी ठेवतो का त्याच्यावर?”

लबाड असता तर त्याला चांगला धुतला असता. पण तो खरोखरच घाबरला होता.

“अक्का, कायले हट्ट करतेस,” देवराम काकुळतीला आला. “मुहूर्त निघून जाईल. दोन मिनिटाचं काम आहे.”

“दोन मिनिटं तुझी. माझी जिंदगी गेली त्यात.”

“मग मी काय करू, तूच सांग.”

पोरीचा बाप तो, त्याचं तरी काय चुकलं?

“तू आत जा, पोरीजवळ थांब. मी हितंच बसते.”

मंगलाष्टकांना सगळे उभे राहिले आणि मला दिसल्या त्या नुसत्या पाठी. ज्योत्स्नाच्या पोपटी ब्लाउजच्या पाठीवर मी रोज बसून वेल भरली होती. ती तिच्या अंगावर कशी दिसते, एवढंच मला बघायचं होतं. ‘सावधान’ झालं की मी अक्षता टाकत होते, त्या दारातल्या बाप्यांच्या सदऱ्यांवर पडत होत्या. शेवटच्या वेळी हातच उठला नाही. उरलेल्या अक्षता मी पदराच्या टोकाला बांधल्या. उचलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. भांडण माझं खरंच होतं. पण ज्योत्स्नाचं लग्न काही पुन्हा होणार नव्हतं, आणि मला रडू आवरेना.

पाठवणीच्या वेळी ती दाराशी आली, तेव्हा अंगभर शेला लपेटलेला होता. वेल झाकून गेली होती.

“आत्या, मी सारखी दरवाज्याकडे देखत होती,” ती आतूनच म्हणाली.

“आले होते ना गं. इथपर्यंत आले होते.”

रीतीप्रमाणे तिनं वाकून आधी उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला. मग त्याला पाय लागू न देता अलीकडे आली आणि माझ्या पायांशी वाकली. मी पदराची गाठ सोडली आणि अक्षता तिच्या डोक्यावर ठेवल्या.