वीज गेली की पेटणारा बॉयलर

इनोबतने बटण दाबून धरलं, काडी ओढली आणि बॉयलरच्या पोटात हात घातला. निळी वात कशीबशी लागली, करंगळीच्या नखाएवढी. ती श्वास रोखून बसली. मग हळूच बोट सैल केलं. टक् असा आवाज झाला आणि वात विझली.

"मेल्या," ती बॉयलरला म्हणाली, "अजून किती अंत बघणार आहेस?"

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानचा जानेवारीतला गारठा भिंतीतून आत शिरत होता. सून नोदिरा अंगातला ओव्हरकोट न काढता, पोराला गोधडीत गुंडाळून बसली होती. मुलगा बहोदिर रशियात बांधकामावर. घरात या दोघी, खोकणारं पोर आणि हा जुना उभा बॉयलर. इतके हिवाळे बिचारा कुरकुर न करता जळत आला होता.

"ओयीजान, तोलिबमामांना बोलवू का?" नोदिराने सासूला विचारलं.

तोलिब इनोबतचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहायचा. आई गेली तेव्हा तो नुकताच चालायला लागला होता. इनोबतने रेशमाच्या कारखान्यात मागावर उभं राहून त्याला वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. ती हे कधी बोलून दाखवत नसे. गल्लीला ठाऊक होतं, तेवढं तिला पुरे होतं.

तोलिब हत्यारांची पेटी घेऊन आला, आणि पिशवीभर लिंबंही. मागच्या अंगणात काचेचं घर बांधून त्याने लिंबाची झाडं लावली होती.

"चहात पिळा, ओपा. पोराच्या खोकल्याला चांगली," तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

मग गुडघे टेकून त्याने बॉयलर उघडला. आधी धुराडं पाहिलं. पेटता कागद धरला, तर ज्वाळा वर ओढली गेली. म्हणजे धुराडं मोकळं होतं. गॅस येतो ते बारीक भोक सुईने साफ केलं. मग ज्योतीची ऊब ओळखणारा तांब्याचा काटा काढून बोटांत फिरवला.

"हा तापला तरच गॅस चालू राहतो. हाच गेलाय बघा." त्याने बाजारातून नवा काटा आणून बसवला. वात लागली, बोट सुटलं, वात विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"वात एवढीशी का लागते पण?" नोदिराने विचारलं. "काट्यापर्यंत पोचतच नाही."

तोलिबने मान वर केली नाही. "म्हातारा झालाय तो. याच्यात आता राम नाही राहिला. बहोदिरला सांगा, नवा घ्यायला."

"म्हातारी तर मीपण झाले," इनोबत म्हणाली. "मलाही टाकून नवी आणशील?"

तो हसला आणि पेटी आवरून निघून गेला. त्या दोघींनी अडगळीतली पत्र्याची शेगडी काढली. ती घर कमी तापवायची आणि डोळ्यांत पाणी जास्त आणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. हिवाळ्यात ती रोजच जायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पोराच्या दुधासाठी नोदिरा स्वयंपाकघरातल्या गॅसच्या चुलीकडे गेली आणि ओरडलीच, "ओयीजान, बघा तरी! केवढा जाळ आलाय!"

इनोबत धावत बॉयलरकडे गेली. वात लागली ती चांगली बोटभर, ताठ, निळीशार. बोट सोडलं तरी विझली नाही. मग आतला मोठा जाळ भप्पकन पेटला आणि पाइप कुरकुरत तापू लागले. दोघी त्या पत्र्याच्या डब्यापुढे लहान पोरींसारख्या हसत बसल्या. नोदिराने ओव्हरकोट काढून खुंटीला लावला.

संध्याकाळी दिवे आले. दिव्यांपाठोपाठ जाळ खाली बसला, थरथरला आणि टक् करून गेला.

त्यानंतरच्या दिवशीही तसंच झालं. वीज गेली की बॉयलर पेटायचा, आली की विझायचा.

"आपल्या बॉयलरला तर विजेची वायरसुद्धा नाही," नोदिरा म्हणाली. "मग विजेवर काय चालतंय, ओयीजान? आणि कुणाकडे?"

इनोबतने खिडकीतून बाहेरच्या पाइपाकडे पाहिलं. गॅसचा पिवळा पाइप फाटकांच्या डोक्यावरून येत तोलिबच्या घरावरून तिच्याकडे यायचा आणि तिच्याकडेच संपायचा. तिच्यापुढे घर नव्हतं. शेजारच्या गल्ल्यांत लोक पंप लावून पाइपातला गॅस ओढतात, हे तिनेही ऐकलं होतं. बाजारात अशा लोकांना ती तोंड भरून शिव्याही देऊन आली होती.

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि शेजारी गेली.

फाटक भावजयीने उघडलं. सुरैयो अर्ध्या बाह्यांच्या झग्यात होती, कपाळावर घाम. "या ना ओपा, चहा टाकते," म्हणता म्हणता ती वाट अडवून उभी राहिली. इनोबत तिला बाजूला सारून थेट मागच्या अंगणात गेली.

काचेच्या घराचं दार उघडताच गरम, ओली हवा तोंडावर आली. पिवळीधम्मक लिंबं फांद्या वाकवून लटकत होती. कोपऱ्यात मोठा बॉयलर घुमत होता, आणि त्याच्या बाजूला पोत्याखाली काहीतरी घरघरत होतं. तिने पोतं उचललं. पंप होता.

तोलिब मागून आला. हातातली कात्री त्याने खिशात टाकली.

"सगळेच लावतात, ओपा. कोपऱ्यावरच्या लोकांनी आधी लावला. मी नाही ओढला तर ते ओढतील. तुमच्यापर्यंत तसाही काही पोचणार नाही."

"वीज गेली की पोचतो की!"

तोलिबने पोतं पुन्हा पंपावर ओढलं.

"पोर छाती फुटेस्तोवर खोकतंय तोलिब, आणि तू लिंबांना शेकतोयस?"

"एक रात्र गारठली तर झाडं मरतात. पोराला तुम्ही गोधडी घालाल. झाडांना मी काय घालू?"

इनोबत त्याच्याकडे पाहत राहिली. तो चेष्टा करत नव्हता.

"एक सांग," ती म्हणाली. "माझ्या बॉयलरपुढे गुडघे टेकून बसला होतास, सुईने भोकं साफ करत होतास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"काटाच गेला असेल, असं वाटलं मला."

"वाटलं?"

"वाटून घेतलं," तो हळूच म्हणाला. मग घाईने, "मी दिवसा बंद ठेवतो ना. पोराच्या झोपेच्या वेळी तरी नक्की. शब्द देतो."

त्याने शब्द एक दुपार पाळला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि वात पुन्हा नखाएवढी झाली. इनोबतने कुणाला काही सांगितलं नाही. शेगडीत लाकडं सारत राहिली.

पोराला ताप चढला, श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली आणि घराच्या थंड भिंतीला हात लावून, "इथे ठेवता याला?" एवढंच विचारलं. त्या गेल्यावर नोदिराने फोन उचलला आणि सासूच्या देखत गॅसच्या कचेरीत सगळं सांगून टाकलं. इनोबत तिला थांबवू शकली असती. ती बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलत राहिली.

माणसं आली. त्यांनी पंप उचलून नेला आणि तोलिबच्या घरात शिरणाऱ्या पाइपाला सील ठोकलं. वसंत येईपर्यंत त्याच्याकडे गॅस बंद. त्याने काचघरात लाकडं जाळून पाहिली, झाडांना चटया गुंडाळल्या. काही उपयोग झाला नाही. पानं काळी पडली आणि लिंबं देठापासून मऊ होऊन गळली.

मग तो आला. दाढी वाढलेली, अंगाला धुराचा वास. बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"कुणी सांगितलं?"

नोदिरा पुढे झाली. तिने तोंड उघडायच्या आत इनोबत म्हणाली, "मी."

"ओपा, तुम्ही?"

"हो, मी."

तोलिबने बॉयलरकडे मान वळवली. उकडून पोराला घाम येतो म्हणून दुपारचा तो बंद केलेला होता. "पेटवा बघू माझ्यासमोर."

"कशाला?"

"पेटवा."

तिने बटण दाबलं, काडी लावली. वात पहिल्याच काडीला लागली, बोट सोडल्यावरही तशीच ताठ राहिली. मोठा जाळ धरला. तोलिब थोडं वाकून, सवयीने, रंग निळा आहे ना हे पाहत होता.

"छान जळतोय," तो म्हणाला आणि गेला.

नवरोजला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, गल्लीत मोठी कढई चढली. सगळ्या बायका आळीपाळीने ढवळायला बसल्या. सुरैयोने इनोबतच्या हातातून पळी न घेता शेजारणीच्या हातातून घेतली. तोलिब रस्त्यात भेटला तर छातीवर हात ठेवून, परक्या म्हातारीला करावा तसा सलाम करायचा आणि पुढे जायचा.

"ओयीजान, तुम्ही माझं नाव का नाही घेऊ दिलंत?" एकदा पोराला भरवता भरवता नोदिराने विचारलं. "मामा माझ्यावर चिडले असते. तुमचा भाऊ तरी तुम्हाला राहिला असता. माझ्यासाठी केलंत ना तुम्ही?"

इनोबत भाकरीचे तुकडे शोरव्यात टाकत होती.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं असतं तर तो तुझ्यावर रुसून बसला असता आणि माझ्याकडे येत राहिला असता. पूर्वीसारखा. मग मला त्याच्याशी चांगलं बोलावं लागलं असतं."

नोदिराने पोराचं तोंड पुसलं. पोराने वाडग्यात हात घातला, तेव्हा दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या.