मख्खबाईंचा डाव

पोकरच्या टेबलांवर तिला सगळे मख्खबाई म्हणत. हातात दोन एक्के असोत नाहीतर दोन फालतू पानं, तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. बँकेतली नोकरी सोडून ती स्पर्धा खेळायला लागली तेव्हा घरात बरीच आदळआपट झाली होती. नवरा तेवढा म्हणाला, "बघ जमतंय का." जमलं. वीसेक वर्षं ती गावोगावच्या हॉटेलांत, खिडक्या नसलेल्या हॉलमध्ये, हिरव्या टेबलांशी बसून जगली. धाकट्या भावालाही तिनंच शिकवलं, आणि पुढे त्याचंही पोट याच खेळावर चालू लागलं. घरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण टेबलावर समोरासमोर आली की ओळखसुद्धा दाखवत नसत.

पहिल्यांदा हात थरथरला तो एका मोठ्या स्पर्धेत. ती निव्वळ थाप मारत होती. हातात काहीच नव्हतं. पैशांऐवजी लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, पुढे सरकवताना उजवा हात कापायला लागला. समोरच्यानं तो हात पाहिला आणि हार मानून पानं टाकून दिली. पोकरमध्ये हात कापणं म्हणजे जबरदस्त पानं, असं सगळे मानतात. त्या स्पर्धेत तिनं अशा कितीतरी थापा पचवल्या आणि ती पहिली आली.

गाड्या लावतात तिथे भावानं तिला गाठलं. "ताई, हे हात कापवायचं कुठे शिकलीस? मीसुद्धा फसलो की."

"शिकले नाही रे."

तो हसला. तिनं हात गाडीच्या टपावर ठेवला. बोटं पत्र्यावर टकटक वाजत राहिली. तो हसायचा थांबला.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला व्हरांड्यातून चालवून पाहिलं, अंगठ्याला बोट टेकवायला लावलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "चेहऱ्यावरचे हावभाव कमी झालेत का अलीकडे?"

नवरा बुचकळ्यात पडला. "तिचा चेहरा... डॉक्टर, तो तर तिचा धंदाच आहे."

तिला हसू आलं. निदान आतून तरी आलं. पण डॉक्टर तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांना त्यातलं काही दिसलं नाही. पार्किन्सन्स आहे, म्हणाले. गोळ्यांनी बराच काळ आटोक्यात राहील, जाणार मात्र नाही.

टेबलावरच्या माणसांना कळायला वेळ लागला नाही. हात सदानकदा कापतो म्हटल्यावर त्याला कोण भिणार? थापा पकडल्या जाऊ लागल्या. पानांचे कोपरे उचलून बघताना ती हलायची आणि शेजारच्याला दिसायची. भाऊ मागे लागला, "पंचांना सांग ना. तू तोंडानं बोल, पानं वाटणारा डीलर चिप्स सरकवेल. अशी सवलत देतात."

"सांगितलं की संपलं. मग त्या खुर्चीत मी नसेन, पेशंट असेल. आणि कीव करणाऱ्यांशी कसं खेळायचं?"

पुढच्या स्पर्धेत दोघं एकाच टेबलावर आली. थोडेच खेळाडू उरले होते. भावानं बोली वाढवली, मधल्या सगळ्यांनी पानं टाकली आणि पाळी तिच्यावर आली. तिच्याकडे सत्ती आणि दुर्री होती, याहून वाईट पानं नसतात. पानं टाकायला तिनं हात उचलला आणि कोपरापासून झटका बसला. समोर रचलेले चिप्सचे मनोरे टेबलावरच्या रेषेपलीकडे गेले, आणि ती रेष ओलांडली की बोली लावली असंच धरतात. सगळेच्या सगळे.

डीलर थांबला. त्यानं पंचांना बोलावलं.

"चुकून झालं," ती म्हणाली. "मला पानं टाकायची होती."

पंच जुने, तिला चांगले ओळखणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण हे मान्य केलं, तर उद्या कुणीही चिप्स ढकलेल, समोरच्याचा चेहरा वाचेल आणि म्हणेल हात घसरला. रेषेपलीकडे गेलं ते गेलं. आता डाव संपेपर्यंत बोलू नका." मग भावाकडे वळून म्हणाले, "तुम्ही ठरवा. फक्त खेळ खेळासारखा व्हायला हवा."

सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. बहिणीकडे काही नाही हे तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं. आता भावानं पानं टाकली, तर तो तिला वाचवतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दोघांनाही बाहेर काढलं असतं, आणि त्याला कदाचित कायमचं.

तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी काहीही करायच्या आधी बघायचा, तसाच. तिला त्याला सांगायचं होतं, घे रे, घे, माझं काही नाही. बोलायची सोय नव्हती. तिनं नजरेनं सांगून पाहिलं, गाल हलवायचा प्रयत्न केला, ओठ ताणून पाहिले. चेहरा दगडासारखा तिथल्या तिथे. भावाला समोर फक्त मख्खबाई दिसत होत्या.

भावाला उत्तरासाठी ठरावीकच वेळ मिळावा म्हणून कुणीतरी घड्याळ लावायला सांगितलं. वेळ संपता संपता तिची बोली स्वीकारत भाऊ पुटपुटला, "कॉल." त्यानं दोन राजे उलटले. टेबलाच्या मधोमध दोघांसाठीची पाच पानं उघडली. तिच्या कामाचं एकही नव्हतं. तिची स्पर्धा संपली. ती उठायला गेली तर खुर्ची गालिच्यात अडकली. डीलरनं उठून ती मागे ओढली.

बाहेरच्या सोफ्यावर ती नवऱ्याची वाट बघत बसली. त्याला गाडी घेऊन यायला वेळ होता. तेवढ्यात भाऊ हॉलमधून बाहेर येताना दिसला. तिचे चिप्स मिळाल्यावर टेबलावर सगळ्यांत जास्त चिप्स त्याच्याकडेच झाले होते.

"ब्रेक झाला का?" तिनं विचारलं.

"नाही. हरलो."

"एवढ्यात? काय होतं हातात?"

"आठवत नाही. समोर कोण होतं तेही नीट आठवत नाही."

तिला संताप आला. एवढं सोसून त्यानं कॉल केला, तो काय सगळं उधळून द्यायला? ती त्याला बोलू लागली: तुला हेच शिकवलं का, टेबलावर बसलास की बहीण कुठली नि भाऊ कुठला, एवढी वर्षं काय गवत उपटलं का मी? पण हल्ली आवाजही बसत चालला होता. शब्द बारीक, सपाट निघत होते, बसचं वेळापत्रक वाचल्यासारखे.

तो वाकून ऐकत होता. "ताई, तू चिडलीयस का?"

"ओरडतेय मी तुझ्यावर."

"बरं," तो म्हणाला. "ओरड."

तो तिच्या शेजारी बसला. ती ओरडत राहिली. समोरून जाणाऱ्या एकदोघांना वाटलं असेल, दोघं गप्पा मारतायत. काही वेळानं तिचा दम संपला, तरी तो तसाच वाकून, कान तिच्या तोंडाशी धरून बसला होता, आणि तिला त्याला सरळ बस म्हणवेना.