गळाची खूण

दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला कुणाला रजा काढावी लागत नाही. तिला मात्र स्वतःच्याच पिढ्या शोधायला दर शनिवारी रजा टाकावी लागे. ती गाडी चालवायला शिकवायची. शेजारी शिकाऊ माणूस, त्याच्या हातात चाक, आणि तिच्या पायाखाली जादाचा ब्रेक. बाई कितीही भडकल्या तरी ब्रेक वेळेवर दाबतात, अशी तिची ख्याती होती. ही ख्याती या गोष्टीत तिच्या फारशी कामी येत नाही.

सगळं सुरू झालं ते काकांच्या पुस्तकापासून. काका म्हणजे तिच्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊ. नोकरीतून मोकळे झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेला सल्ले देतात. काकांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. जाडजूड ग्रंथ झाला, डोक्याखाली घेतला तर मान धरावी असा. मोठा हॉल घेऊन, झाडून सगळे नातेवाईक बोलावून त्याचं प्रकाशन झालं.

तिचे बाबा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच जाऊन बसले होते. पहिल्या रांगेत, कारण ते थोरल्या पातीचे, घराण्याच्या थोरल्या शाखेतले. पुस्तक हातात पडताच त्यांनी आपल्या वडिलांचं नाव शोधलं. सापडलं. त्याखाली लिहिलं होतं, 'हा मुलगा दीड वर्षाचा असताना वारला. पुढे याच नावाने घरात वावरलेला इसम कोण, कुठला, याचा पत्ता लागत नाही. त्याची संतती आपल्या कुळातली नव्हे.'

बाबा उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो, दिसत नाही!" एकजण हसलाही. बाबांनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेले. दाराशी पायऱ्या होत्या आणि बाबांचे गुडघे गेलेले. इतका गोतावळा बसला होता, पण हात द्यायला एक माईचा लाल उठला नाही. ती तेव्हा गाडी लावायला जागा शोधत फिरत होती. आत पोचली तेव्हा बाबा कठडा धरून उतरत होते. "चल घरी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर नातेवाइकाचा फोन आला की बाबा खुणेनं सांगत, झोपलोय म्हण. पुढच्या वर्षी ते गेले. काका भेटायलाही आले नाहीत. कसे येतील? थोरली पातीच खोटी ठरल्यावर घराण्यात थोरले कोण, तर काका. कुलमंडळाचं अध्यक्षपद आणि मधली खुर्ची आपसूक त्यांच्याकडे चालत आली होती.

तिने दात धरला. साधासुधा नाही. काकांनाही तसंच भर हॉलमधून एकट्यानं चालत जायला लावायचं, यापेक्षा कमी काहीही तिला नको होतं.

जुनी दप्तरं ठेवलेल्या इमारतीत एक वाचनखोली होती. उंच खिडक्या, कुरकुरणारे पंखे, पिशव्या बाहेर, पेन आत नेलं तर कारकून असा बघायचा की जणू काडेपेटीच आणली. तिथे दर शनिवारी आपापले पूर्वज उकरणाऱ्यांची टोळी जमे. तिला त्यांनी 'क्लच' नाव ठेवलं. टोळीचा म्होरक्या होता 'वाळवी', बँकेतून निवृत्त झालेला, नाकावर दोन चष्मे चढवणारा. रजिस्टर हातात आलं की पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत फस्त करायचा, म्हणून वाळवी. या टोळीचा एक कायदा होता. तुला जे सापडलं ते दुसऱ्याला द्यायचं, आणि त्याने ते मोडून दाखवायचं. मोडलं नाही, तरच खरं.

तिने काकांचं ते वाक्य वाळवीसमोर ठेवलं. "हे मोडून द्या."

वाळवीने दोन शनिवार खाल्ले. मग म्हणाला, "क्लच, रागावू नकोस. काकांचं पहिलं वाक्य खरं आहे. ते मूल दीड वर्षाचं असताना गेलंय. ही बघ नोंद."

तिने ती नोंद स्वतः वाचली. म्हणजे बाबा खरंच कुणाचे कोण?

"अगं, पांढरी पडू नकोस. इथेच सगळे नवशिके आपटतात. मृत्यूची नोंद सापडली की गडी खूश, रजिस्टर बंद, चहाला मोकळा. तेव्हाची रीत माहितीये? मूल गेलं की पुढच्या बाळाला त्याचंच नाव ठेवायचे. गेलेलं परत आलं म्हणायचे. त्यामुळे मेलेलं सापडलं की थांबायचं नसतं, पुढं वाचत जायचं असतं."

मग दोघं पुढची वर्षं चाळायला बसले. शाई फिकी, अक्षर कोंबडीच्या पायांचं. आणि एका शनिवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तिच्या बोटाखाली ते आलं. तेच आईबाप, तेच घर, तेच नाव. नवा मुलगा. तिचे आजोबा रीतसर, वाजतगाजत त्याच घरात जन्मले होते. ओरडायला बंदी होती म्हणून तिने तोंडावर हात दाबला आणि हाताआडून रडली.

वाळवी मात्र नोंदीकडे बघतच नव्हता. तो समासाकडे बघत होता. तिथे पेन्सिलीची एक बारीक खूण होती, मासे धरायच्या गळासारखी वाकलेली.

"ही खूण करणाऱ्याच्या नावानं इथला कारकून अजून बोटं मोडतो," तो हळूच म्हणाला. "निम्म्या रजिस्टरांवर आहे. खोडून खोडून बिचाऱ्याची रबरं संपली. कोणाची ते मात्र कळलं नाही."

तिला कळलं. काकांच्या ग्रंथाची प्रस्तावना तिला पाठ होती. शत्रूचं लिखाण माणूस भक्तीनं वाचतो. 'ज्या पानाच्या समासात माझी गळाची खूण दिसेल, तिथे माझ्यामागून येणाऱ्याने समजावे, की हे पान मी डोळ्यांखालून घातले आहे.'

म्हणजे काका नवशिक्यासारखे आपटले नव्हते. ते पुढे वाचत गेले होते. आजोबांचा जन्म त्यांना सापडला होता, आणि आपण इथवर पोचलो ही फुशारकी मारल्याशिवाय राहवलं नाही म्हणून त्यांनी खूणही केली होती. मग पुस्तकात बरोब्बर ते पान गिळलं. बाबा जिवंत असताना.

वाळवीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आपल्यात मेलेल्यांचं खणतात. जिवंत माणसाला चारचौघांत उघडं पाडत नाहीत. आधी एकदा घरी जाऊन त्यांना भेट. मला शब्द दे."

तिने शब्द दिला आणि पाळलाही. काकांनी तिला बैठकीत बसवलं. सुनेने चहा आणला. दुसऱ्या मुलाच्या नोंदीची प्रत काकांनी लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हे राहिलंच की. होतं असं, एवढ्या ढिगात. दुसरी आवृत्ती निघतेच आहे, शेवटी एक टीप टाकू. बारीक टायपात."

"चूक झाली म्हणता, काका?"

"चूकच गं. ते पान माझ्या नजरेखालून गेलंच नाही."

तिने आणलेल्या प्रतीत समास कापलेला होता. मुद्दामच. खरं बोलले असते तर गोष्ट तिथेच संपवायची, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पाय ब्रेकवरच होता. तो तिने काढून घेतला, चहा संपवला, कप विसळायला आत नेऊन दिला आणि निघाली.

दुसऱ्या आवृत्तीच्या घोषणेला हॉल पुन्हा भरला. तोच हॉल, त्याच पायऱ्या. काका मधल्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. भाषणं झाल्यावर कुणाला काही विचारायचं आहे का, असं रिवाजाप्रमाणे विचारण्यात आलं. असं विचारल्यावर कुणी विचारत नसतं. ती उठली.

"काका, प्रस्तावनेतला तुमच्या खुणेचा भाग वाचून दाखवाल? फार छान लिहिलाय."

स्तुती म्हटली की काकांना ऐकू नीट येई. त्यांनी चष्मा लावला आणि ठसक्यात वाचलं. टाळ्याही पडल्या. मग तिने पडद्यावर पानाचा फोटो लावला, या खेपेला समासासकट, आणि नोंद मोठ्याने वाचली. मूल, आईबाप, घर.

"आणि काका, बाजूला ही खूण कोणाची?"

काकांनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं. नाही म्हणायला जागाच नव्हती, ती त्यांनी स्वतःच आत्ता वाचून बुजवली होती.

"माझी," ते म्हणाले.

मग काठी टेकून उठले. कुजबूज सुरू झाली, मागून कुणीतरी "शी!" म्हणालं. त्यांची सून धरायला धावली.

"बसा वहिनी," ती म्हणाली. आवाज चढवावा लागला नाही. "माझ्या बाबांना कोणी हात दिला नव्हता."

सून दोन पावलांवरच थबकली आणि खाली बसली. काका सगळ्यांच्या मधून चालत गेले. दाराशी काठी काखेत धरून, दोन्ही हातांनी कठडा पकडून, एकेक पायरी उतरले. तिने शेवटच्या पायरीपर्यंत पाहिलं. इथे तिला दया आली असं सांगितलं तर ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. पण नाही आली. भुकेल्या माणसाला जेवल्यावर वाटतं तसं वाटलं.

मंडळाने लाजेकाजेस्तव दुसरी आवृत्ती तिच्याकडेच सोपवली. छपाईआधीची पानं तिने टोळीच्या कायद्याप्रमाणे वाळवीपुढे ठेवली. त्याने आधी वंशवृक्षाचं पान उघडलं.

"मला वाटलं, तू काकांना वगळशील."

"एकदा वगळलं होतं. मग परत घातलं. वगळलं की लोक म्हणणार, त्याने केलं, हिने केलं, फिटंफाट. फिटंफाट झाली की सगळे विसरतात."

काकांच्या नावाखाली एकच वाक्य होतं, बारीक टायपात नव्हे, ठळक. 'दुसऱ्या मुलाची जन्मनोंद यांनी पाहिली होती, आणि लपवली.' शेजारी समासात छोटासा गळ छापला होता.

वाळवी कितीतरी वेळ त्या वाक्यावर बसून होता. दोन्ही चष्मे काढून त्याने डोळे पुसले.

"मोडत नाही," तो म्हणाला. "पण क्लच, म्हातारा जिवंत आहे गं अजून. थोडी वर्षं थांब की."

"छापखान्याला मी घाई करायला सांगितलीय," ती म्हणाली. "त्यांचे डोळे चालताहेत तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडलं पाहिजे."