रांगेतला लव्हाळा

केळीचे घड कापायला माणसं आली होती. कुठला घड उतरवायचा ते दाखवता दाखवता रतिलाल नानांचा उजवा हात खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही. लकवा होता. भुसावळच्या दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून पाय आणि वाचा वाचली. हात मात्र दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडून राहिला. त्यांची बायको बेबाबाई जाऊन काही वर्षं झाली होती, गावी बघणारं कुणी नव्हतं. मळा वाट्याने देऊन ललितने वडिलांना जळगावला आपल्या घरी आणलं.

ललित दिवसभर कंपनीत असायचा. घरात उरायचे नाना आणि सून डिंपल. डिंपल धुळ्याची, तिचे वडील एसटीच्या आगारात होते. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासऱ्यांशी तिचं बोलणं कामापुरतंच होतं. ते समोर आले की ती डोक्यावर पदर घ्यायची आणि ते तिच्याकडे न बघता भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचे. आता त्याच माणसाच्या शर्टाची बटणं तिला लावून द्यावी लागत होती. तेवढा वेळ नाना मान वळवून खिडकीबाहेर बघत, आणि तीही बटणांवरून नजर हलवायची नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता. उजव्या हाताने तो दाबत राहायचा, म्हणजे बोटांत जीव येईल. नाना तो मुठीत घेत आणि बाईंची पाठ वळली की सोडून देत. चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा. डिंपल तो काढून परत त्यांच्या हातात ठेवायची. असं बरेच दिवस चाललं. मग तिने काढणं सोडलं.

घरामागे थोडी जागा होती. तिथे डिंपलने वांग्याची रोपं लावली होती, कडेला मोगरा होता. वांग्यांत लव्हाळा फार माजायचा. एका सकाळी तिने विळ्याने तो सगळा कापून काढला आणि वाफा कसा स्वच्छ दिसतोय म्हणून जरा वेळ उभी राहिली. मागच्या दारात खुर्ची टाकून नाना बसले होते.

"वरून कापल्यानं काही व्हत नही," ते म्हणाले. "तेची गाठ खाले ऱ्हाते."

आठवड्यात कुणी त्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. डिंपलने विचारलं, मग कसा काढायचा? नानांनी खुर्ची वाफ्याजवळ सरकवायला सांगितली.

जन्मभर केळीत त्यांनी लव्हाळ्याशीच भांडण केलं होतं. त्यांच्या तोंडी तो 'लव्हाया'. डाव्या हाताने त्यांनी एक काडी धरून ओढली, ती मुळाशी कट्कन तुटली. दुसरीही तुटली. त्याला दोन्ही हात लागतात, हे त्यांना ठाऊक होतंच. एका हाताने खुरपं घालून माती सैल करायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोऱ्याएवढ्या मुळाचा माग काढत काळ्या गाठीपर्यंत जायचं. त्या गाठीपासून पुढे आणखी दोरा, पुढे आणखी गाठ. नानांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मातीवर ठेवला, बोटं आत ढकलली आणि मग खुरपं घेतलं. अंगठा हलला. पहिली गाठ वर यायला खूप वेळ लागला. ती त्यांनी नाकाशी धरली, मग डिंपलपुढे केली. कोरडा, गोडसर वास होता. बेबा ह्या गाठी वाळवून शिकेकाईत टाकायची, असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की दोघं वाफ्यात. नाना बुटक्या स्टुलावर, डिंपल खाली मातीत. गाठी शोधताना ते गावाकडचं काही ना काही सांगत. बेबाबाईंचं, पुरात वाहून गेलेल्या पाइपांचं, ललित लहानपणी केळीच्या पानात झोपून गेला होता त्याचं. डिंपल ऐकायची, आपलंही सांगायची. पदर खांद्यावर कधी आला ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि नानांनीही त्याचं काही मनावर घेतलं नाही. बोटं सुधारत चालली. बाई खूश झाल्या, त्यांना वाटलं चेंडूचा गुण.

पण जन्मभर केळी पिकवलेला माणूस तो. चैत्र सरेपर्यंत वाफ्यात लव्हाळ्याची एक काडी उरली नाही. नाना पुन्हा दारातल्या खुर्चीवर येऊन बसले. हात पुन्हा मांडीवर पडला आणि बोटं आत वळायला लागली.

डिंपलला काही सुचेना. मग एका दुपारी नाना झोपलेले बघून ती बादली घेऊन कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. तिथे नळ गळत होता आणि लव्हाळा गुडघाभर वाढला होता. गाठींसकट तो तिने खणून आणला, मोगऱ्यापलीकडच्या जागेत पुरला आणि वर पाणी घातलं. शेजारच्या सुनंदाबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. लोक ही पीडा बाहेर टाकतात आणि तू घरात आणतेस, असं त्यांनी वरूनच विचारलं. डिंपल नुसती हसली.

लव्हाळा उगवला. नाना त्याच्यावर चिडले आणि स्टुलावर जाऊन बसले. तो संपत आल्यावर डिंपलने दुसऱ्या बाजूला आणखी लावला. पण ह्या वेळी तिचा हात सवयीने चालला. वांग्याची रोपं लावावीत तशी सरळ ओळ, दोन गाठींत एकेक वीत.

तो उगवला त्या सकाळी नाना बराच वेळ वाफ्याकडे बघत उभे राहिले.

"लव्हाया कधी रांगेत उगतो का, पोरी?"

नाना आत गेले. त्या दिवशी ते बाहेर आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण अर्धं टाकू लागले. ललितने काय झालं म्हणून विचारलं, तर उकाडा फार झालाय म्हणाले. शेवटी ललित कामावर गेल्यावर डिंपल त्यांच्या खोलीत गेली आणि पलंगाशी खाली बसली.

"मीच लावला, नाना. पहिल्यांदाचाही मीच लावला होता."

"मले लहान पोरगं समजली का तू? खेयणं आणून दिलं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिथे बसलात की बोलता. आत आलात की बोलत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही."

नानांनी मान वळवली. पण ह्या वेळी खिडकीकडे नाही, तिच्याकडे. डिंपल डोळे पुसून उठली आणि कामाला लागली.

लव्हाळ्याला ह्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो ओळ सोडून सैरावैरा पसरला आणि वांग्याच्या बुडाशी गेला. दोन-तीन रोपं पिवळी पडलेली बघून डिंपल एकटीच खुरपं घेऊन बसली. घाईने ओढायला लागली की काडी तुटायची, गाठ खालीच. मागे चपलांचा आवाज झाला. नाना भिंतीला हात लावत येत होते. स्टूल त्यांनी स्वतःच ओढून घेतलं, तेही उजव्या हाताने, आणि तिच्याशेजारी बसले. अर्धा वाफा दोघांनी मिळून काढला.

गाठींचा छोटा ढीग झाला. एरवी नाना त्या गच्चीवर उन्हात टाकायला सांगत, म्हणजे वाळून मरतात. आज त्यांनी त्यातल्या चांगल्या टपोऱ्या निवडून बाजूला केल्या आणि मोगऱ्यापलीकडे बोट दाखवलं.

"ह्या तठी लाव. चार बोटं खाले घाल. वरवर लावशीन तं माह्या बोटाले काम काय?"

डिंपल हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना. नाना हसले नाहीत. एवढ्याशा जागेत जन्माच्या वैऱ्याची लावणी ते गंभीरपणे करून घेत राहिले. इथे नको, तिथे दाट झाला, पाणी बेताने दे. सुनंदाबाईंनी भिंतीवरून डोकावून काय लावताय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं, लव्हाया, आणि पुढच्या खड्ड्याकडे वळले.

त्या वर्षी घरची वांगी काही धड आली नाहीत. हात पूर्वीसारखा झाला असं नाही. पण श्रावणातल्या एका दुपारी डिंपलने ताटाशी चमचा ठेवला, तो नानांनी बाजूला सारला. उजव्या हाताने वरण-भात कालवला. बोटं थरथरत होती, निम्मी शितं ताटाबाहेर सांडली, एक घास मात्र तोंडापर्यंत गेला. डिंपल ओट्याशी उभी राहून उगाच डबे पुसत होती.

"तू काबरं उभी?" नाना म्हणाले. "तुहं ताट घे ना. बस आठी."

तिने ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली. भाजीत मीठ कमी आहे असं नाना म्हणाले. तिने मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि दोघं जेवत राहिले.