झुलत्या पुलावरचा इंग्रजीचा तास

मित्रांनो, मी एक जुना झुलता पूल आहे. नाव झुलता असलं, तरी झुलण्याची मला मुळीच हौस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला मुद्दाम हलवणाऱ्यांचा तर मनस्वी राग येतो. का, ते ऐका.

दोन काठांवर दगडी खांब, त्यांवरून दोन जाड लोखंडी दोर, दोरांना लटकलेल्या सळया आणि सळयांनी पेललेल्या फळ्या, एवढाच माझा संसार. एका काठाला शाळा, दुसऱ्या काठाला वस्ती. माझी देखभाल एक फिटर करायचा. नदीचं पाणी उतरलं की तो पाना घेऊन यायचा, एकेक सळई ठोकून कान लावायचा आणि सैल झालेले नट आवळायचा. "काय म्हातारबा, कुठं दुखतंय?" असं वर विचारायचा. माझ्या तोंडाशी त्याने पाटी लावली होती: 'पुलावर पावलाला पाऊल मिळवून चालू नये.' सुटी सुटी पावलं मी कितीही सोसतो. पण सगळ्यांनी एका ठेक्यात भार टाकला, की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. झोपाळा असाच चढतो ना, तसंच ते.

फिटर निवृत्त झाला आणि लेकाकडे राहायला गेला. मग माझं कौतुक सुरू झालं! मला निळाशार रंग दिला. लोक माझ्यावर उभे राहून फोटो काढू लागले. रंगाऱ्याने भरात पाटीवरही तोच निळा फासला. नट मात्र कोणी आवळले नाहीत. वरून रंगरंगोटी आणि आतून खिळखिळा, अशी माझी गत झाली.

एके सकाळी इंग्रजीच्या बाई वर्ग घेऊन आल्या. बाई नव्या होत्या, पाटीवरची अक्षरं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. बाई भारी हौशी. शब्द पाठ करायचा नाही, करून बघायचा, ही त्यांची रीत. 'क्रॉल' शिकवताना त्यांनी अख्खा वर्ग बाकांखालून रांगत नेला होता. वर्गात त्यांची लेकही होती. तिला सगळे चिमणी म्हणत.

"आजचा शब्द, स्वे," मुलांना माझ्यावर ओळीने उभं करून आणि स्वतः शाळेच्या काठाशी थांबून बाई म्हणाल्या. "वाऱ्यात झाड काय करतं? उभ्या जागी, सावकाश, इकडून तिकडे. ट्रीज स्वे. नुसतं हललं म्हणजे स्वे नाही हं, लय हवी! चला, सगळे एकदम. डावीकडे, उजवीकडे..."

अर्थ अगदी बरोबर होता हो! जागा चुकली होती.

मुलं खिदळत डुलू लागली. मीही त्यांच्याबरोबर निघालो, थांबणं माझ्या हातात थोडंच होतं? डावीकडे, उजवीकडे. दोर करकरले. मधल्या सळईचा नट एकेक आटा सुटत खाली आला आणि पाण्यात पडला. सळई निसटली. तिथली फळी एका अंगाला कलली, आणि त्याच फळीवर चिमणी उभी होती.

"आई!"

मुलांचं हसू जागच्या जागी विरलं. आता सगळी एकदम पळाली तर संपलंच, हे मला कळत होतं. पण मला वाचा कुठे आहे?

बाईंनी लेकीकडे धाव घेतली. एका पावलातच मी आणखी कललो, आणि बाई थिजल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज करडा निघाला. "खाली बसा! सगळे! कठडा धरा. कोणी उठायचं नाही."

मुलं बसली. हेलकावे हळूहळू लहान होत गेले. मग बाईंनी जवळच्या मुलापासून एकेकाला रांगत बोलावलं. काठावर आलेल्याला बाजूला घ्यायचं आणि मगच पुढचं नाव. चिमणी मधोमध होती; तिच्या हलण्याने कललेली फळी सुटली तर मागच्यांची वाट तुटेल, म्हणून तिची पाळी शेवटी. पलीकडच्या काठावर ओढून घ्यायला कोणी मोठं माणूस नव्हतं, म्हणून पलीकडच्यांनाही तिच्याजवळून, दुसऱ्या अंगाने यावं लागलं. ती "आई, मी?" म्हणत राहिली आणि आई दुसऱ्यांच्याच लेकरांना हाका मारत राहिली. मित्रांनो, एवढं ओझं मी आयुष्यात पेललं नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आता तू ये, बाळा. क्रॉल आठवतं ना? तस्सं."

चिमणी रांगत आली. काठावर बाईंनी तिला असं कवटाळलं, की ती पोर "दुखतंय गं" म्हणाली.

बैल गेला आणि झोपा केला, अशी वेळ थोडक्यात टळली. म्हाताऱ्या फिटरला बोलावणं गेलं. त्याने नवी सळई बसवली, सगळे नट आवळले. पाटीवरचा निळा रंग बाईंनी स्वतः खरवडून काढला.

मला पुन्हा रहदारीला खुलं केलं त्या दिवशी चिमणी माझ्या तोंडाशी अडून राहिली. बाईंनी हळूच विचारलं, "स्वे म्हणजे काय गं?"

"झाडानं करायचं ते," चिमणी म्हणाली. "आपण नाही." आणि एक पाऊल लंगडी, एक पाऊल धाव, असं वेडंवाकडं करत माझ्यावरून पार गेली.

मित्रांनो, मला रंग लावलात तर आनंदच आहे. पण आधी पाना घेऊन या, आणि विचारा, "काय म्हातारबा, कुठं दुखतंय?"