सौनाच्या वाटेवरचा टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे. जुना म्हणजे दीड वर्षाचा. पण टेकूचं आयुष्य आठवड्याचं धरतात, त्या हिशेबाने मी खापरपणजोबा आहे.

आधी मी पाइनचं झाड होतो, मग वखारीत चौकोनी झालो. सरोवराकाठच्या आमच्या गावातल्या वाल्डे कांगासने मला आणि माझ्या जुळ्या भावाला विकत आणलं आणि जाड पेन्सिलीने आमच्या पोटावर ‘तात्पुरता’ असं लिहिलं. कामाच्या पहिल्याच दिवशी अंगावर असं काही लिहिलं, की कुणीही जरा अबोल होतो.

वाल्डेची आई लेम्पी त्याआधीच्या हिवाळ्यात परसातल्या बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. निघाली होती सौनाला. सौना म्हणजे परसाच्या टोकाची लाकडी खोली. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. लेम्पीचा एकही शनिवार त्याशिवाय गेला नव्हता. आता वाल्डे तिला उचलून नेऊ लागला.

“मी काय बटाट्याचं पोतं आहे?” ती म्हणाली. “माझ्या पायांनी जाईन, नाहीतर जाणारच नाही.”

आणि खरंच गेली नाही. शनिवारी खिडकीशी बसून थंड धुराड्याकडे बघत राहायची. जेवणही अर्धं टाकायची. म्हणून वाल्डेने स्वयंपाकघराच्या दारापासून सौनापर्यंत लाकडी ओटा, म्हणजे फळ्यांची सपाट उंच वाट, बांधायला घेतला. मधे जमीन खोलगट, तिथे ओटा माणसाच्या खांद्याइतका उंच. तिथली तुळई आम्हा दोघा भावांच्या डोक्यावर होती. कायमचे खांब लागेपर्यंत, फक्त आठवडाभर.

खांबांसाठी छातीएवढे खोल खड्डे खणून काँक्रीट भरायचं, असा वाल्डेचा बेत. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि वरवर ठेवलेलं सगळं उचलून वाकडं करते. पण तेवढ्यात त्याच्या बहिणीचा नवरा क्लेटन काँक्रीटचे तयार ठोकळे घेऊन आला. भेट म्हणून. प्रत्येकाला लाल फीत बांधलेली.

“खणायची कटकटच नको! जमिनीवर ठेवायचे, वर खांब. झालं!”

वाल्डेने एका ठोकळ्याची फीत चाचपून पाहिली. “फीत छान आहे,” तो म्हणाला.

आमच्या गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. तो वाळून दगड होतो, मग पक्ष्यांना घालतात. पक्षीही एकमेकांकडे बघत बसतात.

त्या संध्याकाळी वाल्डे एकटाच येऊन मला पाठ टेकून उभा राहिला. “थंडीत उलथणार हे ठोकळे,” तो पुटपुटला. “आई वर असताना उलथले तर? पण क्लेटनला सांगू कसं? फिती बांधल्यात रे त्याने.”

दुसऱ्या दिवशी क्लेटन त्याच जागी टेकला. “कशाला आणले मी! आमच्या शेजाऱ्याचा ओटा असल्याच ठोकळ्यांवर वाकडा झालाय. पण परत कसे नेऊ? वाल्डेला किती आवडलेत.”

मित्रांनो, दोघांच्या पाठीचा घाम एकाच लाकडात मुरला, आणि त्या लाकडाला तोंड नव्हतं.

आठवडा उलटला. पानं गळली. दोघे दर शनिवारी परसात भेटत, कॉफी पीत, “तू म्हणशील तसं” म्हणत आणि पांगत. जमीन गोठू लागली तशा आमच्या पायाखालच्या फळ्या हलायला लागल्या. भाऊ कलला. मी कुरकुरलो.

“लाकूड आहे, कुरकुरणारच,” क्लेटन म्हणाला.

हिम पडलं त्या शनिवारी क्लेटनसाठी सौना तापवली होती. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि लेम्पी वॉकर घेऊन ओट्यावर आली. गळ्यात टॉवेल.

“आई, मागे फीर! खाली नुसते टेकू आहेत!”

“तुमचं ठरेपर्यंत मी जगायची नाही,” ती म्हणाली आणि चालत राहिली.

ती मध्यावर आली आणि भावाचा पाय सटकला. तो आडवा झाला. सगळा भार माझ्यावर आला, माझ्या अंगात उभी चीर गेली. वाल्डे आणि क्लेटन हातातल्या कपांसकट धावले आणि त्यांनी तुळईखाली खांदे घातले.

“चल आई, लवकर!”

लेम्पी थांबली. फळ्यांच्या फटीतून तिने खाली पाहिलं. “आधी सांगा, इथे खाली काय लावणार?”

“आत्ता?”

“आत्ताच. एरवी तुम्ही दोघं एका जागी थांबता कुठे?”

“क्लेटन म्हणेल तसं,” वाल्डे कण्हला.

“छे छे, घर वाल्डेचं.”

वॉकरला बसायची पट्टी होती. लेम्पी तिच्यावर बसली. “मला घाई नाही.”

माझी चीर बोटभर रुंद झाली.

“नकोत मला ते ठोकळे!” वाल्डे ओरडला.

“मलाही नकोत!” क्लेटन रडकुंडीला आला. “आणले त्याच दिवसापासून नकोत!”

“मग फिती कशाला बांधल्यास, गाढवा?”

“दुकानात फुकट होत्या!”

“खड्डे खणा,” लेम्पी म्हणाली. मग उठली आणि आपल्या पायांनी सौनात गेली. दोघे तसेच तुळईखाली उभे राहिले, कारण तिला परतही यायचं होतं. सौनात ती कधीच घाई करत नाही.

त्यानंतर आणखी टेकू आले, तिरक्या पट्ट्या ठोकल्या गेल्या. जमीन विरघळल्यावर खड्डे खणले, खांब उभे राहिले. लेम्पी आता दर शनिवारी एकटी जाते. ठोकळ्यांवर तिने कुंड्या मांडल्यात. थंडीत त्या उलथतात.

आणि मी सौनाच्या सरपणात पडलो आहे. भाऊ मागच्या महिन्यात चुलीत गेला. “आज वाफ छान होती,” लेम्पी म्हणाली. त्याच्याबद्दल एवढंच कुणी बोललं.

मित्रांनो, टेकू लावाल तर तो काढायचा दिवसही ठरवा. नको असेल ते नको म्हणा, वेळेवर म्हणा. तुमची भीड कुणाच्या तरी डोक्यावर ओझं होऊन बसते, आणि त्याला बोलता येत नसतं.

परवा वाल्डेने मला उचललं. “हा जाळू, की ठेवू?”

“तू म्हणशील तसं,” क्लेटन म्हणाला.

“नाही नाही, तू सांग.”

मला ढिगावर परत ठेवून दोघे कॉफी प्यायला गेले. तेव्हा मित्रांनो, मी आत्ता जे शिकवलं, ते त्या दोघांना इतक्यात सांगू नका.