शिल्पाचा काढा

महामायाकाकूंचा गळा बसला तो नेमका वर्षावास संपायच्या आठवड्यात, आणि दोष कुणाचा असेल तर तो त्यांचाच. नायगावच्या आमच्या वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जातो, आणि तो काकूच वाचतात. समोर माइक असूनही इतक्या जोरात वाचतात की रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्यालाही शब्दन्‌शब्द कळावा. घसा खवखवायला लागला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण काकू थांबल्या तर वाचणार कोण? शिल्पा. आणि तेच तर काकूंना नको होतं.

शिल्पा म्हणजे शेजारच्या विठाबाईची सून, माहेर अर्धापूरचं, बीएड झालेली. गेल्या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेल्या, तेव्हा थोडे दिवस तिनं वाचलं. काकू परत आल्या तर जो तो त्यांना सांगत सुटला, "पोरगी लई गोड वाचती." तेव्हापासून शिल्पा काकूंच्या डोळ्यांत खुपायला लागली.

डॉक्टरांनी टॉर्च मारून गळा पाहिला. "सूज आहे. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा आणि अजिबात बोलू नका. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण पडतोच." काकूंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायरीवरच नवऱ्याला, आनंदराजकाकांना, कुजबुजत विचारलं, "आता समारोपाचं कसं?"

मग काय, वस्तीत घरोघरी वैद्य निघाले. सटवाजीनं लवंग दिली, विठाबाईनं हळदीचं दूध आणलं. काकूंनी सगळं निमूट घेतलं. शिल्पा रोज दुपारी किटली भरून काढा आणायची, ज्येष्ठमध, आलं आणि अडुळशाचा. तेवढा एक काकूंच्या घशाखाली उतरला नाही.

"काकू, गरम हाय तवर घ्या बरं. समारोपाला तुमीच वाचायचं हाय."

काकू हसून मान हलवायच्या, आणि ती गेली की मागच्या दारी जाऊन काढा कढीपत्त्याच्या बुडाला ओतून द्यायच्या.

"माझा गळा बरा झाला तर हिला कोण वाचू देणार हाय?" त्या काकांना घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आन् हीच काढा आणून राहिली. काय घालती त्यात, कुणाला ठाव!"

"अगं, लेकराचं मन तरी बघ," काका म्हणाले. "आन् बोलू नको म्हणलंय ना डॉक्टरनं."

संध्याकाळी शिल्पा वाचायची आणि काकू पुढच्या ओळीत बसून ती कुठं अडखळते ते ऐकायच्या. ती अडखळायची नाही. काकूंचा घसा आणखीच दुखायचा.

समारोपाच्या आदल्या दिवशी शिल्पा काढा ठेवून गेली आणि छत्री विसरली म्हणून वळली. पुढचं दार लोटलेलं दिसलं, म्हणून ती मागून आली. काकू कढीपत्त्यापाशी वाकलेल्या होत्या. किटली उपडी होती, मातीतून वाफ निघत होती, आणि ज्येष्ठमधाच्या काड्यांचा आठवड्याचा ढीग बुडाशी पडलेला होता. शिल्पानं तो ढीग पाहिला. मग काकूंकडं पाहिलं. छत्री घेतली, "येते काकू" म्हणाली आणि गेली.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तोंडावर चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. आता ही वस्तीभर सांगणार, विहारात पाय ठेवायची सोय राहणार नाही, असं घोकत त्या बसून राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. उलट विठाबाई येऊन खिरीला दूध किती लागेल ते विचारून गेली. तिला काहीच ठाऊक नाही हे दिसत होतं, आणि त्यानं तर काकू आणखीच खजील झाल्या.

संध्याकाळी विहार भरला. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, मागच्या बाजूला खिरीचं पातेलं. शिल्पानं वाचायला घेतलं आणि शेवटच्या पानाशी येऊन थांबली.

"हे पान दर वर्षी काकू वाचतात," ती म्हणाली. "आज बी त्याच वाचतील."

काकू उठल्या. माइकसमोर बसल्या, चष्मा लावला, तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच.

"शिल्पे, तुझ्या काढ्यानं तर काय बी फरक पडला न्हाई गं," विठाबाई सगळ्यांदेखत बोलली. "आठवडाभर पाजलीस की!"

शिल्पानं मान खाली घातली. "माझंच कायतरी चुकलं असंल, आत्या. ज्येष्ठमध जुनं निघालं असंल."

कुणीतरी हसलं. "बीएडला काढा शिकवत न्हाईत वाटतं," सटवाजी म्हणाला. शिल्पाही ओशाळं हसली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

काकूंना ते बघवेना. एवढ्या माणसांत शिल्पा काकूंच्या पापाचं हसू स्वतःवर घेत होती. त्यांनी माइक तोंडाजवळ ओढला. गळ्यात जो काही चिमूटभर आवाज शिल्लक होता तो पानासाठी ठेवावा, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"मी पिलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज कढीपत्त्याला घातला. मला वाटलं, हिला माझी जागा पायजे."

आवाज फाटका होता, पण माइक चालू होता. पलीकडच्या टपरीवरही ते ऐकू गेलं असेल. विहारात कुणी हसलं नाही. आनंदराजकाका आपल्या गुडघ्यांकडं बघत बसले.

काकूंनी पुस्तक शिल्पाच्या हातात दिलं आणि वाच म्हणून खूण केली. शिल्पानं ते घेतलं, पण आधी भिंतीशी ठेवलेली किटली उचलली. आजही तिनं आणली होती. कप भरून तिनं काकूंच्या हातात दिला आणि माइकसमोर बसली.

ती शेवटचं पान वाचत होती आणि काकू सगळ्यांसमोर घोट घोट काढा पीत होत्या. काढा गोड होता. आठवडाभर किटलीवर किटली ओतली, पण तो गोड आहे हे त्यांना आजच कळत होतं.